शीग

मी एका बाईचं एक पायली भाताचं देणं लागत होतो. कागद नाही, साक्षीदार नाही, आणि देणारी बाईही आता नाही. चार शेरांची पायली म्हणजे आजच्या हिशेबात फार तर अडीच-तीन किलो भात. बाजारात त्याचे शंभर रुपयेही येणार नाहीत. ते फेडायला मला छत्तीस वर्षं लागली, आणि अजून ते पुरतं फिटलेलं नाही.

1986 साली मी कृषी सहाय्यक म्हणून जव्हारला रुजू झालो. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. पालघर जिल्हा झाला 2014 मध्ये. मी सांगली जिल्ह्यातला, वाळव्याकडचा, ऊसवाल्या घरचा. आमच्याकडे शेती म्हणजे पाटाचं पाणी, युरियाच्या गोण्या आणि सोसायटीचं कर्ज. शेतकीची पदवी हातात, वय चोवीस. मला वाटत होतं, हे डोंगरातले लोक गरीब आहेत कारण त्यांना शेती येत नाही, आणि ती शिकवायला सरकारने मला पाठवलं आहे. हे आज लिहिताना कान गरम होतात, पण तेव्हा खरोखर असंच वाटत होतं.

जव्हार-मोखाड्याचा पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरचा. चार महिने आभाळ फाटल्यासारखं कोसळतं आणि फेब्रुवारी उजाडला की बाया दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन डोंगर उतरतात. पाणी पडतं आणि वाहून जातं. जमीन दोन तऱ्हेची. खाली, ओहोळाच्या कडेला भाताची खाचरं. वर उतारावर वरकस. वरकसात पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी किंवा उडीद, आणि नंतर काही वर्षं जमीन पडीक. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा वहीत लिहिलं होतं : ‘जमिनीचा अपुरा वापर.’

ती बाई वारली समाजातली. पाड्याच्या टोकाला कारवीच्या कुडाचं घर, आत एका बाजूला शेणाने सारवलेली कणगी, चुलीवर धुराने काळं पडलेलं छप्पर आणि त्या धुरात टांगलेली कणसं. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडलं नसतं. मी तिला आजी म्हणत असे. ती मला ‘सायब’ म्हणायची, पण ‘सायब, तू बस’ असं. ‘अहो-जाहो’ तिच्या बोलीतच नव्हतं. गावात कलेक्टर आले तेव्हा त्यांनाही तिने ‘तू कधी आलास?’ असंच विचारलं होतं. तिची वारली मला आजही ऐकायला कळते, लिहायला येत नाही. म्हणून तिचं बोलणं इथे माझ्या मराठीत आलं आहे, आणि त्यात त्याची बरीच धार गेली आहे.

पहिलं भांडण राबावरून झालं. एप्रिल-मेमध्ये झाडांच्या फांद्या, शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर रोपांच्या जागेवर पसरायचे आणि पेटवायचे, पाऊस पडला की त्या राखेत भात पेरायचं. याला राब म्हणतात. मी तिला सुनावलं, झाडं तोडता आणि जाळता, म्हणून पाऊस कमी होतो. हा आरोप माझ्याआधी शंभर वर्षं झाला होता. इंग्रजांच्या जंगलखात्याने राबावर बंधनं घातली, लोक बोंबलले, मुंबई सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं आणि त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. हे मला पुढे वाचनातून कळलं. तेव्हा तिने मला ऐनाच्या झाडाखाली नेऊन उभं केलं. म्हणाली, ‘वर बघ, शेंडा आहे का?’ होता. ‘मागच्या साली कुठली फांदी घेतली, सांग.’ मला सांगता येईना. तिने बोट दाखवलं : या झाडाची यंदा, त्याची पुढल्या साली, ते पलीकडचं अजून दोन पावसाळे शिवायचं नाही. रोपाच्या जागेवरच्या तणाचं बी त्या आगीत मरतं, राखेचं खत होतं, रोप निवांत वाढतं. माझ्या पुस्तकात याच कामाला तणनाशक आणि पोटॅश अशी दोन वेगळी नावं होती आणि दोन्हीला पैसे पडत.

यावरून कोणी राबाची आरती करू नये. जिथे माणसं वाढली, जमीन आटली आणि झाडं उरली नाहीत, तिथे दरवर्षी त्याच झाडाला कोयता लागला आणि झाडांचे खुंट झाले. असे खुंट मी जव्हार भागातच पाहिले आहेत. तिच्या शेजारच्याच घराचे होते. आदिवासी म्हणजे जंगलाचा जन्मजात राखणदार, असं शहरात बसून लिहिणाऱ्यांना हे खुंट दाखवायला हवेत. तिच्याकडे होती ती शिस्त. आणि शिस्त पाळायला माणसाच्या पोटात दोन वेळचं लागतं. 1992 मध्ये याच तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालकं भुकेने आणि आजाराने गेली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला जव्हार हे नाव कळलं. ज्ञान होतं, जमीन नव्हती. जंगल होतं, हक्क नव्हता. या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडून मला काही लिहिता येत नाही.

जूनच्या तोंडाशी एक दिवस तिच्याकडे गेलो, तर ती पाटीत शेवळं निवडत होती. पहिल्या वळवाने जमीन भिजली की जंगलात शेवळं वर येतं, पानाआधी नुसता जांभळट कोंब. ती तो सोलत होती. वरचं आवरण काढून टाकायचं, आतला पिवळा भाग काढायचा, उरलेलं बारीक चिरायचं. शेजारी टोपलीत काकडं होती, हिरवी, आवळ्याएवढी, आंबट फळं. मी शहाणपणा करून म्हटलं, मलाही थोडी दे, खोलीवर करतो. तिने शेवळं दिली आणि काकडं घ्यायला सांगितलं. काकडं मी घेतली नाहीत, भाजीत आंबट कशाला! रात्री पहिल्याच घासाला घशात सुया टोचल्या. जीभ सुजली. ताक प्यायलो, गूळ खाल्ला, गावठी तूप चाटलं, काही उपयोग नाही. सकाळी तोंड वाकडं करून गेलो तर ती इतकी हसली की भिंतीला टेकून बसली.

शेवळात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. काकडाच्या आंबटाने त्यांची खाज मरते, हे तिला ठाऊक होतं. काकड आणि शेवळं जंगलात एकाच पंधरवड्यात हाताशी येतात, हेही तिलाच ठाऊक होतं. त्या वर्षी तिच्याबरोबर फिरून मी बऱ्याच भाज्यांची नावं वहीत उतरवली. पावसाची पहिली कोवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय ती तोंडात घालत नसे. मला ही अंधश्रद्धा वाटली. मग लक्षात आलं, देवाला दाखवायचा दिवस येईपर्यंत भाजीचे कोंब दोन-चार पानांचे झालेले असतात, आणि सगळा पाडा एकाच दिवशी सुरुवात करतो. कोणी आधी जाऊन रान ओरबाडून आणत नाही. हा माझा तर्क आहे. तिने असं काहीही सांगितलं नाही. ती म्हणायची, ‘देव आधी खातो, मग आपण. घरात पाव्हणा आला तर तू आधी खातोस काय?’

कडू कंदाचंही तसंच. हा कंद कच्चा खाल्ला तर माणूस लोळेल. ती त्याच्या चकत्या करायची, राख घालून उकडायची, मग टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायची. सकाळी कडवटपणा पाण्याबरोबर गेलेला असे. कंद खणताना मी पाहिलं, तिने वेलाकडचा वरचा मुटका कापून वेगळा ठेवला आणि खड्डा बुजवताना परत मातीत पुरला. मी विचारलं, हे कशाला? ती माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मी विचारलं, दार कशाला लावतेस? ‘पुढल्या साली काय खायचं?’

आमच्या प्रशिक्षणांत पुढे ‘शाश्वत विकास’ हा शब्द आला. त्याच्यावर मी स्वतः भाषणं दिली आहेत, स्लाइड दाखवून. आजीकडे त्याला शब्द नव्हता. ती ‘पुरवून खाणं’ म्हणायची. हा शब्द माझ्या आईचाही होता. चतुर्थीचे मोदक आणि दिवाळीचा चिवडा पुरवून खा, असं ती म्हणे. आमच्या घरात तो डब्यापुरता उरला होता. शेताला, विहिरीला, पाटाच्या पाण्याला तो कोणी लावत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. 1987 च्या मे महिन्यात मी पाड्यावर सुधारित भाताचं बियाणं आणलं. वाण वाईट नव्हता. लोंबी भरघोस, उतारा दुप्पट. पण तो निमगरवा, थोडा उशिरा पिकणारा. तिथल्या लोकांची रीत अशी : ओहोळाच्या काठची खाचरं पाणी धरतात, तिथे गरवं भात; मधल्या बांधांवर निमगरवं; आणि सगळ्यात वर, जिथे पाऊस थांबला की आठ दिवसांत भेगा पडतात, तिथे हळवं. हळव्याचा उतारा कमी, पण पाऊस पाठ फिरवायच्या आत ते पिकून घरात येतं. मी सांगितलं, तीन तऱ्हा कशाला, हे एकच सगळीकडे लावा, हिशेब सोपा होईल. बियाणं अनुदानात होतं. बहुतेकांनी लावलं. आजीने खालच्या दोन खाचरांत लावलं, वरच्या तीन तुकड्यांत आपलं हळवंच ठेवलं. मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘तुझं भात चांगलं आहे सायब. पण हस्त कुणाच्या ओळखीचा आहे?’

त्या साली हस्त नक्षत्र आमच्या पाड्यावर कोरडं गेलं. खालच्या खाचरांतलं भात तरलं. मधलं अर्धंमुर्धं आलं. वरच्या बांधांवर माझं सुधारित भात ऐन फुलोऱ्यात सुकलं. लोंब्या ताठ उभ्या होत्या. भरलेली लोंबी वाकते. या वाकल्याच नाहीत. मी एक चुरगाळून फुंकर मारली, तर हातात काही राहिलं नाही. सगळं पळंज. पाड्यावरच्या एकाही माणसाने मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आजीचं हळवं तोवर खळ्यावर येऊन पडलं होतं. मी सांत्वनाला की हिशेबाला, कशाला कोण जाणे, तिच्याकडे गेलो आणि पायांतल्या बुटांसकट खळ्यात शिरलो. ती धावत आली आणि माझ्या दंडाला धरून तिने मला मागे ओढलं. तोंडाने काही बोलली नाही. माझ्या बुटांकडे बघत राहिली. मी ते काढले. मग तिने मला सांगितलं की धान म्हणजे कणसरी. वारल्यांच्या तीन आया : धरतरी, गावतरी आणि कणसरी. जमीन, गाय आणि धान्य. कणसरीचा अपमान झाला की ती उठून दुसऱ्याच्या घरी जाते. ‘तुमच्या गावात असतील तिचे बूट घालून नाचणारे,’ ती म्हणाली, ‘म्हणून तिथे पैशाने विकत आणावी लागते.’ माझ्या वडिलांचं उसाचं कर्ज मला आठवलं, पण मी बोललो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लोक तिच्याकडे हळव्याचं बी मागायला यायला लागले. पाड्यावर ते तिच्याकडेच नीट उरलं होतं. मी बसून बघत होतो. ती लाकडी पायली घ्यायची, कणगीतून भरायची, वरून हाताने सपाट करायची आणि पदरात ओतायची. बोलणं एवढंच : ‘सपाट नेतेस, शीग लावून आण.’

शीग म्हणजे मापाच्या तोंडावर राहणारी रास. आपण ‘उत्साह शिगेला पोहोचला’ म्हणतो ती शीग ही, आता तिचा भाताशी संबंध कुणाला आठवत नाही. पायलीवर बसेल तेवढी शीग, म्हणजे दोन-तीन ओंजळी. व्याज म्हणायचं तर व्याज. पण याच मुलखात सावकारांनी बियाण्याच्या आणि खावटीच्या धान्यावर दिढी लावून माणसं वेठीला धरली, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी तरुण जोडपी वर्षानुवर्षं लग्नगडी म्हणून राबली. 1945 मध्ये वारली उठले ते यातूनच; गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते सगळं आहे. आजी तेव्हा लहान मुलगी होती. तिने सावकाराचं मापही पाहिलं होतं, देताना छोटं आणि घेताना मोठं. म्हणून तिच्या घरात देण्याघेण्याची पायली एकच होती, आणि ती बाभळीच्या लाकडाची होती, झिजू नये म्हणून.

शेवटी मी म्हटलं, मलाही एक पायली दे. कार्यालयाची पावती देतो. पावती म्हटल्यावर ती पुन्हा भिंतीला टेकून हसली. ‘पेरशील?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, पेरीन, प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर. तिने पायली भरली, सपाट केली आणि माझ्या पिशवीत ओतली. ‘नागली ठेवलीस तर दहा वर्षं राहील,’ ती म्हणाली. ‘भात राहत नाही. भाताला दरसाल पेरावं लागतं.’

हे वाक्य मी वहीत लिहिलं. तारीखही आहे : 9 मे 1988. आणि लिहिलं म्हणजे पाळलं, असं समजून बसलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलीचा हुकूम आला. आजीला भेटायला गेलो तेव्हा ती पेरणीच्या तयारीत होती. जाताना म्हणाली, ‘शीग विसरू नको.’ ते भात मी एका रिकाम्या काचेच्या बरणीत भरलं, झाकण घट्ट लावलं, वर चिठ्ठी चिकटवली : ‘स्थानिक हळवे भात, वाण क्र. 7, जव्हार.’ तिचं त्या भाताला ‘आमचं हळवं’ एवढंच नाव होतं. क्रमांक सात मी दिला. ही बरणी माझ्याबरोबर तीन गावं फिरली. कपाटात पुस्तकांशेजारी ठेवत असे. आलेल्या पाहुण्यांना दाखवत असे. आदिवासींच्या ज्ञानावर एक लेखही लिहिला, त्यात बरणीचा उल्लेख होता.

1991 च्या उन्हाळ्यात आठवण झाली. आजोळी, शिराळ्याला, डोंगराच्या पोटाला थोडी भातजमीन आहे. तिथे पेरावं म्हटलं. शिकलो होतो तशी उगवणीची चाचणी घेतली. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. आठव्या दिवशी उघडलं. तीन कोंब. सत्त्याण्णव दाणे कुजून बुरशी धरलेले.

मी उरलेलं भात कोंबड्यांना घातलं.

या चुकीचा हिशेब मला पुष्कळ वर्षांनी, रात्री झोप येत नव्हती तेव्हा सुचला. पायलीत ढोबळमानाने एक लाख दाणे असतात. शंभरात तीन, म्हणजे तीन हजार रोपं. तीन हजार रोपं एकेक करून लावली तर जवळजवळ गुंठाभर आवणी होते, आणि गुंठाभर भातातून पुढल्या वर्षीचं बी सहज निघतं. वाण मेला नव्हता. पदवीधराने तीन टक्के उगवण म्हणजे नापास, असं ठरवून तो कोंबड्यांपुढे टाकला. आजीने तो गोणपाट उघडला असता तर तीन कोंब आधी पाहिले असते.

मधली वर्षं भराभर सांगतो. नोकरी झाली, बढत्या झाल्या. माझ्या वडिलांच्या उसाच्या रानात 1990 नंतर पांढरी खपली यायला लागली. वर्षानुवर्षं पाटाचं पाणी सोडून सोडून जमीन क्षारपड झाली. वाळवा, शिरोळ या पट्ट्यात हे हजारो एकरांवर झालं आहे, आमचे चार एकर त्यातलेच. पाय ठेवला की खपली कुरकुरायची. वडील त्या बांधावर उभे राहायचे आणि काही बोलायचे नाहीत. पाणी भरपूर होतं म्हणूनच जमीन गेली, हे त्यांना पचत नव्हतं. पुरवून वापरायचं पाणी, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. उलट जास्त द्या, असं सांगणारे माझ्यासारखे पगारी लोक होते.

2020 च्या जानेवारीत पद्मश्रीची यादी आली. त्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव होतं. महादेव कोळी समाजातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, गावरान बियाणं जपणाऱ्या राहीबाई. टीव्हीवर त्यांचं घर दाखवत होते, मडकी, राखेत ठेवलेलं बी. बायको म्हणाली, ‘तुमच्या आजीसारख्याच की!’ मी उठून बाहेर गेलो. त्याच वर्षी निवृत्त झालो.

कोरोना ओसरल्यावर, 2022 च्या डिसेंबरात, जव्हारला गेलो. आजी जाऊन सोळा वर्षं झाली होती. कुडाच्या घराच्या जागी सिमेंटच्या विटांचं घर, वर पत्रा. सून होती, साठीची. तिने मला ओळखलं नाही; शेवळ्याची गोष्ट सांगितल्यावर ओळखलं आणि तीसुद्धा हसली. सासूसारखीच. मी हळव्याचं विचारलं. म्हणाली, ‘ते केव्हाच गेलं. दुकानातलं आणतो दरसाल.’ वरच्या खाचरांत गवत होतं. तिचा मुलगा आणि त्याची बायको दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, आखाजीपर्यंत येत नाहीत. बी निवडायला, राखेत घोळवायला, कणगी सारवायला घरात हात कुठले? मी काहीतरी बोललो असेन, गावरान वाणाचं महत्त्व वगैरे. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा हक्क आहे, हेही सांगितलं. तिने शांतपणे उत्तर दिलं, ‘तुला पेन्शन आहे सायब. मला नातवाची फी भरायची आहे.’

मला याच्यावर आजही उत्तर नाही. 2023 हे जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. शहरात नागलीची बिस्किटं आली. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हे आता डब्यांवरच्या जाहिरातींतही असतं. जव्हारच्या वरकसात नागली लावणाऱ्या बाईच्या पदरात त्यातलं किती पडतं, हा प्रश्न त्या बिस्किटांच्या पुड्यावर छापलेला नसतो. ज्ञान जपा, असं त्यांना सांगणं फार सोपं आहे. ते जपायचं तर भट्टीवर न जाता गावात राहता आलं पाहिजे, आणि त्याची सोय आपण केलेली नाही.

निघताना सुनेला काहीतरी आठवलं. सासूने हे भात लग्नात माहेराहून आणलं होतं. पदरात बांधून. तो पाडा डोंगरापलीकडे, मोखाड्याच्या अंगाला. गेलो. सासूच्या भावाच्या नातवाकडे वरच्या दोन तुकड्यांत ते अजून होतं. पोरगा बारावी शिकलेला, मोबाईलवर काहीतरी बघत होता. मी भात ओळखलं ते कुसळावरून आणि तुसाच्या तांबूस रंगावरून. छातीत धडधडलं, खोटं कशाला बोलू. त्याने शेरभर दिलं. पैसे घेतले नाहीत. ‘आजे सांगायची, बी विकायचं नाय.’ हे दुसरं देणं.

2023 च्या पावसाळ्यात शिराळ्याला अर्धा गुंठा लावलं. ऑगस्ट कोरडा गेला. हळवं भात आजूबाजूच्या सगळ्यांच्या आधी पिकतं, त्यामुळे पंचक्रोशीतले पक्षी माझ्या अर्ध्या गुंठ्यावर जेवायला उतरले. पाड्यावर दहा घरं एकदम हळवं लावत, पक्षी वाटले जात. एकट्याने लावलं की एकट्याचं खातात. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं आणि आजीनेही सांगितलं नव्हतं, कारण एकट्याने पेरायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. जे वाचलं ते सगळं बियाण्याला ठेवलं. 2024 मध्ये शेजारच्या दोघांना गळ घालून त्यांच्या वरच्या तुकड्यांत पेरायला दिलं. सपाट दिलं, शीग लावून मागितलं. त्यांना गंमत वाटली. त्या वर्षी तिघांच्याही घरात भात आलं, माझ्या घरी गोणभर.

दिवाळीनंतर जव्हारला गेलो. बाजारातल्या स्टीलच्या मापाने चार शेर आणि वर शिगेसाठी दोन ओंजळी, असं मोजून पिशवी भरली होती. सुनेने पिशवीत हात घालून भात पाहिलं, चार दाणे दातांखाली फोडले. मग घरात गेली आणि माळ्यावरून ती बाभळीची पायली घेऊन आली. मला ती अजून असेल असं वाटलंच नव्हतं. तिने अंगणात सुपावर पायली ठेवली आणि मी ओतायला लागलो. लाकडी माप माझ्या स्टीलच्या मापापेक्षा मोठं निघालं. पिशवी उलटी करून झटकली तेव्हा भात जेमतेम काठाला लागलं. तिने हाताने सपाट केलं.

‘माप झालं,’ ती म्हणाली. ‘शीग राहिली.’

घरी गोणभर भात ठेवून मी मोजून आणलं होतं. पुढल्या दिवाळीला आणतो म्हटलं. तिने मान हलवली आणि पायली तशीच उचलून आत नेली.